रानातला मुक्काम कोणाचा?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरचे अंतर मोटारीच्या एका दिवसाच्या पल्ल्यात आले. या रस्त्याची चर्चा आजवर झाली ती शेतमाल, उद्योग, जमिनीचे भाव आणि अपघात यांच्या अंगाने. ते स्वाभाविकच होते. परंतु या रस्त्याने आणखी एक गोष्ट साध्य करून ठेवली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे साग-ऐन-मोहाचे रान आणि पश्चिम टोकाचे समुद्राकाठचे रान ही दोन्ही आता एकाच सुटीत, एकाच कुटुंबाला, स्वतःच्या वाहनाने पाहता येतील अशी झाली आहेत. एक टोक गोंदिया जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत, देवरीच्या दक्षिणेस वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या चिचगडचे. दुसरे टोक रायगड जिल्ह्यात मुरूडजवळच्या फणसाडचे. हा महामार्ग नागपूरच्या पुढे भंडारा-गोंदियापर्यंत नेण्याची योजनाही शासनाने हाती घेतलेली आहे. तेव्हा जो प्रश्न आज थोड्यांचा वाटतो, तो उद्या पुष्कळांचा होणार, हे उघड आहे.

प्रश्न असा की, हे कुटुंब रात्री राहणार कोठे?

मोटारीच्या टपावर तंबू, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन, एक छोटी शेगडी आणि मागच्या बाकावर दोन मुले, असा सरंजाम घेऊन रानोमाळ हिंडण्याची हौस मराठी मध्यमवर्गात अलीकडे वाढीस लागली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही रीत चांगलीच परिचयाची. उन्हाळ्याच्या सुटीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील रेडवुडच्या रानात किंवा ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून आलेल्या भाचरांच्या गोष्टी इकडे घरोघरी ऐकल्या जातात. या हौसेची टवाळी करणे सोपे आहे, पण ती करण्याचे कारण नाही. ज्या मुलाने एक रात्र झाडाखाली काढली, ज्याने काळोखात पिंगळ्याची ओरड ऐकली, त्याला रान म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक कळते, हे कोणताही शिक्षक मान्य करील.

मात्र आपल्याकडील व्यवस्था या हौसेसाठी घडलेलीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना आवश्यक केला आणि पर्यटन हे परवाना देण्याच्या कारणांपैकी एक कारण मानले. त्याच कायद्याने तेथे आग लावण्यास मनाई केली. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच बंधने लागू आहेत. पुढे व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २४ जुलै २०१२ रोजी न्यायालयाने ते तात्पुरते थांबवले आणि १६ ऑक्टोबर २०१२ रोजी, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यानंतर, ती बंदी उठवली. गाभाक्षेत्रात पर्यटकांसाठी नवे बांधकाम होऊ नये, पर्यटन मर्यादित भागातच असावे आणि त्याचा लाभ स्थानिकांना मिळावा, हे या तत्त्वांचे सार. परिणामी आज रान पाहणे याचा अर्थ, संगणकावर आगाऊ नोंदणी करून, ठरल्या वेळेला, ठरल्या फाटकातून, उघड्या जिप्सीत बसून काही तास फिरून येणे, एवढाच उरला आहे. रात्र मात्र बाहेर काढायची. आणि बाहेर म्हणजे बहुधा खासगी रिसॉर्टमध्ये. जिप्सीचे भाडे, वाटाड्याचे शुल्क, प्रवेशशुल्क आणि रिसॉर्टचा दर यांची बेरीज मांडून पाहिली तर जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला किंवा तहसील कचेरीतील लिपिकाला चार माणसांनिशी तेथे दोन रात्री राहणे परवडेल काय, याचे उत्तर ज्याचे त्याला ठाऊक आहे. शासकीय कर्मचाऱ्याला रजा-प्रवास सवलतीत महाराष्ट्र पाहता येतो खरा. पण ती सवलत प्रवासाची आहे, मुक्कामाची नव्हे.

गाभाक्षेत्रात तंबूला मज्जाव आहे, तो असाच राहिला पाहिजे. यात दुमत होण्यासारखे काही नाही. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, नागझिरा अभयारण्य १९७० चे. एकाचा विस्तार सुमारे १३४ चौरस किलोमीटर, दुसऱ्याचा सुमारे १५३. नवेगाव, नागझिरा, कोका आणि नंतर जोडलेली दोन अभयारण्ये मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तरी हे तुकडे सलग नाहीत. त्यांच्या मधून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो आणि गोंदिया-कोहमारा रस्ताही जातो. ताडोब्यासारखी वाघांची दाटी येथे नाही. म्हणूनच मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या आणि २०२४ मध्ये तिसरी. एवढ्या सायासाने जेथे वाघ वसवायचा, तेथे माणसाने रात्री शेकोटी पेटवून बसण्याचे प्रयोजन नाही.

शिवाय वाघाला धोका तंबूचा नाही, तंबू ज्यातून येतो त्या मोटारीचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुर्दोलीच्या जंगलात रस्ता ओलांडणारा एक तरुण वाघ भरधाव मोटारीच्या धडकेने जखमी झाला आणि दगावला. ती मोटार मालट्रक नव्हती. तुमच्या-आमच्या दारात उभी असते तशीच होती. नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचच्या रानात प्राण्यांसाठी महामार्गाखालून नऊ मार्ग काढावे लागले आणि वाघासह अनेक प्राणी ते वापरतात, हे तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले. अशा योजना चांगल्याच. पण रात्री जंगलातील रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणारा चालक या सर्व योजनांहून स्वस्त पडतो. मुक्कामाची सोय वाटेत असती, तर अंधारात पुढचे गाव गाठण्याची घाईही कमी झाली असती.

आता चिचगडकडे वळू. जुन्या मध्य प्रांतातील ही एक जमीनदारी. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा हा मुलूख देवरी तालुक्यासह नव्या जिल्ह्यात आला. पश्चिमेला नवेगाव, दक्षिणेला गडचिरोलीतील कोरचीचे डोंगर, पूर्वेला छत्तीसगड. वस्ती मोठ्या प्रमाणावर गोंड आणि हलबा समाजाची. धान हे पीक. तलाव ही सिंचनाची जुनी रीत. (नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते, हजारो पक्षी पाहायला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते की ते ज्याला निसर्ग म्हणून न्याहाळीत आहेत तो निम्मा तरी शेतकऱ्यांच्या घामाचा आहे?) नक्षलवादी चळवळीच्या छायेत या भागाने अनेक वर्षे काढली आणि त्यामुळे बाहेरच्या माणसाच्या मनात चिचगड हे नाव सहलीशी जोडले जाणे कठीणच होते.

परंतु रानात कुटुंबासह मुक्काम करणे ही गोष्ट या मुलखाला अमेरिकेकडून शिकावी लागलेली नाही. मार्चमध्ये मोहाचा सडा पडू लागला की पहाटेच्या आधी घरची माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. जनावरांनी फुले खाऊ नयेत म्हणून काही जण रात्रही तेथेच काढतात. एप्रिल-मे मध्ये तेंदूपत्ता निघतो; मग पाने तोडणे, पुडके बांधणे, फळीवर नेऊन मोजून देणे, यात लहानथोर सारे घर गुंतलेले. हा मुक्काम हौसेचा नसून पोटाचा आहे, हे खरे. पण हौसेचा, अथवा श्रद्धेचा म्हणा, मुक्कामही येथे आहेच. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेशी दरवर्षी माघ पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या स्मरणाला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा ठिकठिकाणांहून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. कोणी दरेकसा स्थानकावर उतरून चालत येतो, कोणी ट्रॅक्टरमधून, कोणी जीपगाडीतून. झाडाखाली चुली मांडल्या जातात, तांदूळ शिजतो, रात्री ढोल वाजतो, म्हातारी माणसे नातवंडांना गोत्रांच्या गोष्टी सांगतात. महाराष्ट्रातील सर्वांत मोठी कौटुंबिक रानसहल कोणती, असे कोणी विचारले तर कचारगडचे नाव आधी घ्यावे लागेल. पर्यटनाच्या आपल्या कल्पनेत ती बसत नाही, हा दोष कल्पनेचा.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहिले पाहिजे. नवेगावच्या जंगलातील कालीमाती, कवलेवाडा आणि झंकारगोंदी ही गावे वन्यजीवांसाठी तेथून उठवण्यात आली आणि सौंदडजवळ श्रीरामपूर येथे वसवण्यात आली. ज्यांचे पूर्वज त्या रानात पिढ्यानपिढ्या निजले, त्यांनी तेथे रात्र काढायची नाही असा निर्णय झाला. संवर्धनासाठी तो आवश्यक होता असे मानले, तरी त्या रानाच्या कडेला जो मुक्काम उद्या उभा राहील, त्याच्यावर पहिला अधिकार कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. उठवलेल्या गावच्या तरुणाने रिसॉर्टच्या फाटकावर सलाम ठोकत उभे राहायचे आणि त्याला ‘स्थानिक रोजगार’ म्हणायचे, ही मांडणी फार दिवस टिकणारी नाही.

अमेरिकेचे उदाहरण द्यायचेच असेल तर ते पुरते द्यावे. यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये झाले, तेव्हा तेथील मूळ रहिवासी शोशोनी आणि अन्य जमातींना बाहेर काढूनच ते ‘मानवस्पर्शरहित’ ठरवण्यात आले. पुढे मोटार आली आणि लोक वाट्टेल तेथे गाडी घालून तंबू ठोकू लागले. परिणाम काय झाला, ते एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रेडवुड उद्यानांचा अभ्यास करून सांगितले. हजार वर्षे उभी असलेली ती झाडे कुऱ्हाडीने नव्हे, तर पायांनी आणि चाकांनी धोक्यात येत होती; मुळांवरची माती तुडवली जाऊन घट्ट होत होती, पाणी आणि हवा आत जाईनाशी होत होती. त्यावर त्याने उपाय सुचवला तो साधा आणि बुद्धीचा होता. गाड्यांसाठी एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटणारी एकेक गाडीपुरती खाच, प्रत्येक खाचेशी एक ठरलेली तंबूची जागा, जमिनीत पक्का रोवलेला मेज आणि एकच पक्की चूल. बाकी सर्वत्र दगड आणि ओंडके टाकून गाडीला अटकाव. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत याच नमुन्यावर मुक्कामाच्या जागा उभ्या राहिल्या आणि युद्धोत्तर काळात, विशेषतः १९५६ ते १९६६ च्या ‘मिशन ६६’ या कार्यक्रमात, त्यांचा विस्तार झाला. म्हणजे आज ज्याला आपण तिकडचे मोकळेपण समजतो ते वस्तुतः फार काटेकोरपणे आखलेले बंधन आहे. तंबूची जागा ठरलेली, आगीची जागा ठरलेली, खाद्यपदार्थ अस्वलापासून दूर पोलादी पेटीत ठेवणे सक्तीचे. आणि हे सर्व सामान्य पगारदाराला परवडेल अशा भाड्यात.

आपल्याकडे अशी आखलेली जागा नाही म्हणून मुक्काम होत नाही, असे थोडेच आहे? तो होतोच, फक्त जेथे पाटी लावलेली नाही तेथे होतो. तलावाच्या पाळीवर, धरणाच्या कडेला, रस्त्यालगतच्या रानात. सकाळी तेथे बाटल्या, कागदी ताटल्या आणि धुमसणारे ओंडके उरतात. झाडीपट्टीचे रान पानझडीचे. फेब्रुवारीपासून जमिनीवर वाळल्या पानांचा थर साचतो आणि एक ठिणगी पुरते. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळू नये, असे वनखाते गावकऱ्यांना दरवर्षी बजावते, आणि ते योग्यच आहे. पण तोच उपदेश शहरातून आलेल्या शेकोटीवाल्याला करणारा त्या रात्री तेथे कोणी नसतो. त्यात आता हत्तींची भर पडली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत शिरलेला रानटी हत्तींचा कळप २०२२ मध्ये गोंदिया जिल्ह्यातही आला. धानाची नासाडी झाली, अर्जुनी मोरगाव तालुक्यात माणूसही मेला. हत्ती आज कोणत्या गावाच्या शिवारात आहे हे गावाला कळते. मोटारीतून आलेल्या पाहुण्याला, तो गावात उतरलाच नाही तर, कोण सांगणार?

म्हणूनच मुक्कामाची जागा गावाच्या हाती आणि गावाच्या नजरेसमोर असणे, हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. तो सुरक्षिततेचाही आहे. कोकणात याचा एक चांगला दाखला घडला. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या साथीने सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. वेळासला मोठे हॉटेल नव्हते, हेच बरे झाले. पाहुणे गावातल्या घरांत उतरले, ओसरीवर झोपले, भाकरी-आमटी जेवले आणि पहाटे पिले समुद्राकडे सरपटताना पाहून परतले. अंडी चोरीला जाण्याऐवजी राखली जाण्यात गावाचा फायदा आहे, हे गणित कोणी व्याख्यान न देता सुटले. फणसाडचे रान त्यामानाने वेगळे. जंजिऱ्याच्या नवाबाचे ते राखीव शिकारक्षेत्र, १९८६ मध्ये अभयारण्य झाले. समुद्र हाकेच्या अंतरावर, आत शेकरू आणि पाण्याचे झरे, ज्यांना तेथे ‘गाण’ म्हणतात. कोकणच्या या किनाऱ्यावर पाहुण्याची रीत जुनी आहे आणि मुंबई-पुणे जवळ आहे. चिचगडला यातले काही नाही. तेथे पाहुणा येतो तो एकतर नातलग म्हणून, नाहीतर साहेब म्हणून.

ही दरी कायद्याने भरून निघू शकते, आणि तो कायदा अस्तित्वात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये तो मिळवून देशाला वाट दाखवली. देवरी तालुक्यातील अनेक ग्रामसभांनाही असे हक्क मिळाले आहेत. २०१२ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार ग्रामसभेची समिती आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा तयार करते आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडायचा असतो. नेमक्या याच ठिकाणी एक नवी गोष्ट घडली आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार कार्य आयोजनेत किंवा व्याघ्र संवर्धन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा हा वनजमिनीचा ‘वनेतर वापर’ समजला जाणार नाही. पूर्वी अशा सोयीसाठी केंद्राची मंजुरी लागे. आता आराखड्यातील एक परिच्छेद पुरेल.

तो परिच्छेद कोण लिहिणार, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. तो नुसता वनखात्याच्या कचेरीत लिहिला गेला तर त्यापाठोपाठ निविदा निघेल, ठेकेदार येईल आणि तंबूंच्या जागी वातानुकूलित ‘तंबू’ उभे राहतील. शिक्षकाचे कुटुंब बाहेरचे बाहेर आणि गावही बाहेरचे बाहेर. तो ग्रामसभेच्या आराखड्यातून आला तर गाभाक्षेत्राबाहेर, गावाच्या सामूहिक रानात, दहा-बारा तंबूंपुरती आखलेली जागा होऊ शकते: एक हातपंप, दोन शौचालये, पक्क्या चुली, रात्रीचा राखणदार, आणि मोह व तेंदूच्या हंगामात किंवा हत्ती जवळ असताना ती बंद ठेवण्याचा गावाचा अधिकार. त्यासाठी ग्रामसभेला लागणारे भांडवल एखाद्या रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावापेक्षाही कमी असेल. देवरी तालुक्यातील ज्या ग्रामसभांचे आराखडे अजून व्हायचे आहेत किंवा फेरविचारासाठी खुले आहेत, त्यांच्या सचिवांपाशी, बहुधा गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलापाशी, आज हा कोरा कागद आहे. आणि वनखात्याच्या कार्य आयोजनेची मुदत ठरलेली असते, ती ग्रामसभेसाठी थांबत नाही.